धाकटा भाऊ रात्री लपून खातो, थांबता येत नाही म्हणतो. हा आजार असतो का? नागपुरात कोणाला दाखवायचं?

धाकट्याची_ताई

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर अर्धवटच उत्तर मिळेल.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. एमपीएससीची तयारी करायला तो माझ्याकडे त्रिमूर्तीनगरला राहतो. सकाळी चहासुद्धा न घेता अभ्यासिकेत जातो. डबा देते, तो पुष्कळदा तसाच परत येतो. जिममध्ये कोणीतरी सांगितलं की दिवसातून एकदाच जेवायचं, म्हणजे चरबी जळते. म्हणून संध्याकाळपर्यंत पाणी आणि काळी कॉफी, एवढंच. मला वाटायचं, पोरगं किती मनावर घेऊन राहिलं.

मागच्या आठवड्यात ऊन पडलं म्हणून गाद्या काढल्या. त्याच्या पलंगाच्या पेटीत पिशवीत पिशवी कोंबून ठेवलेली रिकामी पाकिटं सापडली. फरसाण, क्रीमची बिस्किटं, ब्रेडच्या पिशव्या. मामांकडे न्यायला आणलेल्या संत्रा बर्फीचा डबाही त्यातच होता. मी काही बोलले नाही. दोन रात्रींनी पाणी प्यायला उठले, तर तो स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्याशी उभा होता. गार पोळ्या, वाटीत साखर घातलेलं दाण्याचं कूट, जे हाताला लागेल ते. अगदी भराभर, चव घेतो असंही वाटत नव्हतं. मी म्हटलं, भूक लागली होती तर उठवायचं ना रे. तो म्हणाला, "भूक नाही ताई. एकदा सुरू झालं की थांबताच नाही येत." आणि रडला. मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

आईला फोनवर थोडंसं सांगितलं. ती म्हणते, लहानपणापासून खादाडच आहे, डबे कुलपात ठेव. आमचे हे म्हणतात, परीक्षेचं टेन्शन आहे, निकाल लागला की जाईल. मला दोन्ही पटून नाही राहिलं. नेटवर बिंज इटिंग डिसऑर्डर असं नाव वाचलं, पण तिथे सगळी उदाहरणं परदेशातल्या बायकांची. मुलांना होतं का हे? तो दिसायला फार जाडही नाही. नागपुरात कोणाला दाखवायचं, आहारतज्ज्ञाला की मानसोपचारवाल्यांना? आणि महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. आमच्या गावच्या घरी बसतात, सगळा गोतावळा जमतो, आणि तो म्हणतो की मी येणारच नाही. त्याला जबरदस्ती करू की राहू देऊ?

हिंगणारोडकर

ताई, एवढं घाबरू नका. घरात बिस्किटं, मैदा, साखर आणणंच बंद करा. समोर नसलं की खाणार नाही. पहाटे उठून फुटाळ्यावर पळायला पाठवा, दमून आला की रात्री झोप लागेल. माझ्या पुतण्याला हॉस्टेलमध्ये असंच झालं होतं, शिस्त लागल्यावर सुटलं. इच्छाशक्ती वाढवणं हाच उपाय आहे.

अजनीवाला

ताई, तुमचं वाचून रात्री उत्तर लिहायला बसलो. मी रेल्वेत आहे, चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. तुमच्या भावाला जे होतं ते मला कॉलेजपासून होतं, आणि त्याला नाव आहे हे मला पस्तिशीनंतर कळलं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, मुलांना होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या बायका साधारण ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के निघाले. म्हणजे पुरुष काही अपवाद नाहीत. फक्त पुरुष सांगत नाहीत, आणि पुरुषानं जास्त खाल्लं तर आपल्याकडे "खवय्या आहे" म्हणून पाठ थोपटतात. लग्नात पैज लावून जिलब्या खाणारा मीच असायचो. लोक टाळ्या वाजवायचे. घरी परतून मी काय करायचो हे कोणाला माहीत नव्हतं.

माझं बर्डीच्या बाजारातून सुरू व्हायचं. ड्यूटी सुटली की एका ठिकाणी समोसे, पुढच्या दुकानात दुसरं काही. दुकान बदलायचं म्हणजे दुकानदाराला कळू नये. घरी येऊन बायकोनं वाढलेलं पुन्हा पूर्ण जेवायचं, म्हणजे तिलाही कळू नये. पोट दुखायचं, श्वास जड व्हायचा, तरी ताटात पोळी टाकू द्यायची नाही. आवड म्हणून खाणारा माणूस असं करत नाही. तुमचा भाऊ अंधारात उभ्यानं खातो, पाकिटं लपवतो, भूक नसताना खातो आणि नंतर रडतो. डॉक्टर नेमक्या ह्याच गोष्टी विचारतात: नेहमीपेक्षा फार भराभर खाणं, पोट तडस लागेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं. ह्यातल्या किमान तीन असाव्या लागतात. आणि मुळात दोन गोष्टी असाव्याच लागतात. थोड्या वेळात, म्हणजे दोनेक तासांत, चारचौघांपेक्षा स्पष्टपणे जास्त खाल्लं जाणं, आणि त्या वेळी हातात लगाम नसल्याची भावना. आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने हे चालू असेल आणि त्याचा मनाला जाच होत असेल तर निदान करतात. वजनाची अट त्यात नाही. म्हणून "तो जाड नाही" यावरून काही ठरत नाही.

हे काही कालपरवाचं खूळ नाही. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९५९ मध्येच अशा खाण्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पण स्वतंत्र आजार म्हणून तिकडच्या मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत त्याला जागा मिळाली २०१३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आता आहे. मी कॉलेजात असताना डॉक्टरकडे गेलो असतो तरी कदाचित "कमी खा" एवढंच ऐकून आलो असतो. आज तसं होण्याचं कारण नाही.

आता हिंगणारोडकर भाऊंना. तुम्ही आपुलकीनं लिहिलं हे कळतं, पण ह्या मुलाच्या बाबतीत तुमचा सल्ला उलटा पडेल, म्हणून जोर देऊन सांगतो. ताईंनी लिहिलेलं पुन्हा वाचा. सकाळी चहा नाही. डबा परत. संध्याकाळपर्यंत पाणी आणि कॉफी. आणि मग रात्री ओट्याशी. ह्या पोराकडे इच्छाशक्ती कमी नाही हो, तो दिवसभर इच्छाशक्तीच वापरून राहिला आहे. झोपाळा जितका मागे खेचाल तितका तो पुढे जातो. दिवसाचा उपास हा रात्रीच्या खाण्यावरचा इलाज त्याला वाटतो, आणि खरं तर तोच रात्रीच्या खाण्याची तयारी करतो. मग रात्रीच्या खाण्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास. मी ह्या चक्रात वर्षानुवर्षं फिरलो. चतुर्थी, एकादशी, सोमवार, काही विचारू नका. लोक म्हणायचे फार देवभोळा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते सगळे मनानं धडधाकट म्हणून निवडलेले. पण अर्धपोटी राहिल्यावर त्यांना अन्नाशिवाय दुसरं सुचेना, आणि नंतर खायची मोकळीक मिळाल्यावर काही जण अचाट खायला लागले, पोट भरलं तरी समाधान होईना. मला माझ्या समुपदेशक बाईंनी हे सांगितलं तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरलं. उपाशी शरीर असंच वागतं, त्यात माझ्या चारित्र्याचा संबंध नाही. अर्थात सगळ्यांचंच उपासातून सुरू होतं असं नाही. काहींचं डाएटच्या आधीपासून असतं, काही घरांत ते पिढ्यांत दिसतं, काहींच्या मागे नैराश्य असतं, लहानपणी वजनावरून चिडवलेलं असतं. पण तुमच्या भावाच्या दिवसाचं वेळापत्रकच सांगतंय की सुरुवात कुठून करायची.

माझी सुरुवात अशी झाली. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत गेलो, तेही झोप लागत नाही म्हणून. तिथल्या तरुण डॉक्टरनं सहज विचारलं, "खाताना थांबता येतं का तुम्हाला?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. शुगर वाढली तेव्हा नाही, डाएटचा कागद हातात दिला तेव्हा नाही. मग मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच भेटीत उपास बंद करायला लावला. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चार-पाचला काहीतरी, रात्रीचं जेवण. दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता टाळायचा नाही. मला हे सगळ्यात जड गेलं. पोट डब्ब असताना सकाळी उपमा समोर घेऊन बसायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. पण रात्रीचा जोर ओसरायला तिथूनच सुरुवात झाली.

आणि वही. त्यात कॅलरी नाही लिहायच्या. किती वाजता, काय खाल्लं, कुठे, एकटा होतो का, त्याआधी काय झालं. हे जमलं तर खाल्ल्याबरोबर लिहायचं. माझ्या वहीतून दिसलं की माझे वाईट दिवस दोनच प्रकारचे होते. एक, दुपारचं जेवण हुकलेले. दुसरे, वडिलांशी फोनवर बोलणं झालेले. पहिल्यावर डब्यानं काम झालं. दुसऱ्यावर पुष्कळ महिने बोलावं लागलं, ते इथे लिहीत नाही. वजन आठवड्यातून एकदाच बघायचं. आधी मी दिवसातून दहादा काट्यावर चढायचो आणि काटा जे म्हणेल तसा माझा दिवस जायचा.

ताई, डब्यांना कुलूप लावू नका. तो बाहेरून आणेल, आणि वर घरातले आपल्याला चोर समजतात हे मनात बसेल. तुम्ही त्या रात्री "उठवायचं ना रे" म्हणालात, ते फार चांगलं झालं. पाकिटं सापडली हे सांगायचं असेल तर दिवसा, दोघंच असताना, खाण्याच्या वेळी नाही. खाण्यापेक्षा त्याच्या त्रासाबद्दल बोला. "तू किती खाल्लंस" असं नको, "तुला किती एकटं वाटत असेल" असं. आणि मी ओळखीचा नसलो तरी त्याला दाखवायला हरकत नाही, हे वाच म्हणा, नागपुरातच एक माणूस आहे जो समोस्याची दुकानं बदलायचा.

निवासी_डॉक्टर_मानसोपचार

वरचं बरंचसं बरोबर आहे. वैद्यकीय बाजूनं थोडी भर घालते.

आधी मानसोपचार विभागात दाखवा, आहारतज्ज्ञ नंतर. आणि आहारतज्ज्ञ निवडताना त्यांना निदान आधी सांगा, कारण ह्या आजारात वजन उतरवण्याचा कडक तक्ता हातात देणं म्हणजे आजाराला खतपाणी घालणं. नागपुरात मेडिकल, मेयो (हेही सरकारी रुग्णालयच) आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी असते. मनोरुग्णालयाच्या नावानं घरचे बिचकत असतील तर मेडिकल किंवा मेयोला जा, तिथे इतर रुग्णांसारखाच केसपेपर काढायचा असतो. लगेच यायला तो तयार नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो स्वतः करू शकतो, तुम्हीही करू शकता.

एक गोष्ट त्याला शांतपणे विचारा. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करतो का, जुलाबाची गोळी घेतो का, की मरेस्तोवर व्यायाम करतो? तसं असेल तर निदान बदलतं, तो बुलिमिया होऊ शकतो, आणि सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. मग दिरंगाई नको. दुसरं म्हणजे उदासी. स्पर्धा परीक्षेची मुलं आमच्याकडे येतात तेव्हा खाण्याची तक्रार वर असते आणि "जगून काय करू" हा विचार खाली दबलेला असतो. तो थेट विचारायचा असतो, विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. तो "हो" म्हणाला तर त्याच दिवशी घेऊन या.

तपासण्यांत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड बघतो, कारण ह्या आजारात टाइप-२ मधुमेह आणि बीपीचा धोका जास्त दिसतो, काही वेळा विशी-तिशीतच. उपचारात बोलून करायची थेरपी आधी. ब्रिटनमधल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पायरी म्हणून मार्गदर्शनाखाली स्वतः करायचा कार्यक्रम आहे, वहीसकट, अजनीवाला भाऊंनी सांगितला तसाच. त्यानं भागलं नाही तर गटात किंवा एकट्यानं सविस्तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी. तिथे हेही स्पष्ट लिहिलं आहे की ह्या थेरपीचं उद्दिष्ट वजन उतरवणं नाही. हे भावाला आधीच सांगा, नाहीतर महिन्याभरात वजन उतरलं नाही म्हणून सोडून देईल. औषधं गरज पडली तर देतो, विशेषतः सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तेव्हा. नेटवर अमेरिकेत ह्या आजारासाठी २०१५ मध्ये मंजूर झालेल्या एका औषधाबद्दल वाचाल. ते उत्तेजक गटातलं आहे, त्याची सवय लागू शकते, ते किंवा जिममधल्या "फॅट बर्नर" गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत.

धाकट्याची_ताई

डॉक्टर ताई, अजनीवाला दादा, तुमचं दोघांचं त्याला वाचायला दिलं. मोबाईल घेऊन गच्चीवर गेला, बऱ्याच वेळानं आला. म्हणाला, "हे दुकानं बदलणं मीपण करतो." उलटी, गोळ्या काही नाही म्हणाला, आणि दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर नाही असंच दिलं, मी डोळ्यांत बघून विचारलं. मेडिकलला यायला तयार आहे, मी रजा काढते. आजपासून सकाळी पोहे खाऊन जातो असंही ठरलं.

महालक्ष्म्यांचं मात्र सुचून नाही राहिलं. आमच्याकडे सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, आंबील, कथली असा सगळा स्वयंपाक, आणि आग्रह करणाऱ्या चार आत्या. नैवेद्य झाल्याशिवाय कोणी तोंडात पाणीही घालत नाही. आईला काय सांगू?

महालची_काकू

बाळा, मी साठीची आहे, मला ह्या आजाराचं काही शास्त्र ठाऊक नाही. पण महालक्ष्म्या मी चाळीस वर्षं केल्या आहेत, तेवढ्यावर बोलते.

आमच्याकडे नैवेद्य दाखवून पानं मांडेपर्यंत तीन वाजतात. तोवर घरातली पोरं उपाशी, आणि मग एकदम पुरणावर तूप. धडधाकट माणसालाही त्या दिवशी जास्तच जातं. तुझ्या भावाला इतका वेळ उपाशी ठेवायचंच नाही. सकाळी आठला दूध-केळं, अकराला साबुदाण्याची खिचडी नाहीतर दाणे-गूळ. सोवळ्याच्या स्वयंपाकघराबाहेर, अंगणात बसून खाऊ दे. माझ्या सासूबाईंना शुगर होती, त्या नैवेद्याआधी खायच्या आणि मग सोवळं नेसून आरतीला उभ्या राहायच्या. आमच्या घरात कोणाचं काही बिघडलं नाही. आईला सांग, डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलं आहे. आपल्या पिढीला "डॉक्टरांनी सांगितलं" हे समजतं, बाकीची नावं हळूहळू सांगता येतील.

आत्यांचा बंदोबस्त तू कर. वाढायला तूच राहा. त्याच्या पानाजवळ आलीस की विचारून वाढ आणि पुढे हो. "एवढंच?" नाही आणि "बास की आता!" पण नाही. दोन्हींनी पानावरच्या माणसाकडे सगळ्यांचे डोळे वळतात. त्याला पुरणपोळी नको असंही ठरवू नका. सगळ्यांबरोबर बसून, उजेडात, दोन पोळ्या खाल्ल्या तर ते जेवण झालं.

खरी अडचण रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची. मागच्या खोलीत पुरणाचं पातेलं, अनारशांचा डबा, देवींपुढे टांगलेला फुलोरा. पाहुणे झोपले की घर सुनसान. कुलूप नको म्हणाले ना ते रेल्वेवाले, मग कुलूप नको. उरलेलं त्याच संध्याकाळी डबे भरून शेजारीपाजारी आणि लेकीबाळींबरोबर पाठवून द्या, आमच्याकडे पद्धतच आहे. त्याच्याकडे डबे पोचवायचं काम द्या, घरात नुसतं बसवू नका. झोपायला त्याला एकट्याला खोली देऊ नका, कोण्या भाच्याबरोबर झोपवा, गप्पा मारत.

आणि इतकं करूनही तो म्हणाला की यंदा मला नाही झेपणार, तर नको नेऊ. देवी दर वर्षी येतात.

अजनीवाला

काकूंचं शेवटचं वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं.

ताई, मेडिकलला जाताना मागच्या पंधरा दिवसांचं एका कागदावर लिहून घ्या, त्यालाच लिहू द्या. किती वाजता उठतो, काय खातो, कोणत्या रात्री झालं, कोणत्या नाही. न झालेल्या रात्री नक्की लिहायला सांगा, डॉक्टरांना त्या तितक्याच कामाच्या असतात. जुने रक्ताचे रिपोर्ट आणि जिममधून काही पावडर-गोळ्या घेत असेल तर त्याचं पाकीट सोबत न्या. ओपीडीत गर्दी असते, नंबर लागायला वेळ जातो, म्हणून डबा न्या आणि रांगेतच वेळेवर खाऊन घ्या, दोघंही.

उपचार सुरू झाल्यावरही एखादी रात्र वाईट जाईल. माझी अजूनही जाते, वर्षातून एखाददुसरी, बहुतेक बदलीच्या दिवसांत. तेव्हा घरात पंचायत भरवू नका. सकाळी पोहे करा आणि त्याला हाक मारा.

धाकट्याची_ताई

कागद लिहायला घेतला आहे त्यानं. मला बघू देत नाही, म्हणतो डॉक्टरांनाच दाखवीन. मी बरं म्हटलं. आईला फोन केला, काकूंनी सांगितलं तसंच सांगितलं. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, अकराला खिचडी मी स्वतः करून देईन, साबुदाणा आजच भिजवून बघते कोणता चांगला फुगतो.

सोमवारी जातोय. डॉक्टर ताई, केसपेपर काढताना मेडिसिनचा काढायचा की थेट मानसोपचाराचा?

निवासी_डॉक्टर_मानसोपचार

थेट मानसोपचाराचा. खिडकीवर तेवढंच सांगा, कारण विचारलं तर "खाण्याचा त्रास आणि झोप" म्हणा, पुरे. आत गेल्यावर पहिला थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्हाला नंतर बोलावतील.